दाते नसलेली वाट



बेंगळूरुकरांना उटीची गाडी परिचयाची आहे. कल्लार ते कुन्नूर या चढणीवर तिचे इंजिन रुळांमधील दातेरी पट्टीला धरून वर सरकते. नेरळ-माथेरान मार्गाला असे दाते नाहीत. आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीने १९०७ साली पूर्ण झालेला हा मार्ग अवघा २ फूट रुंदीचा. गुळगुळीत रुळावर चाक घसरू नये म्हणून २० फुटांमागे १ फूट याहून तीव्र चढ ठेवला नाही. त्यापायी वाट वळणावळणांनी सुमारे २० किलोमीटर लांबली. डोंगर फोडण्यापेक्षा त्याला वळसा घालणे हा हिशेब शहाणपणाचाच होता. मात्र वाट जितकी लांब, तितकी ती पावसाच्या तावडीत अधिक. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. गाडी पुन्हा धावली ती २००७ मध्ये, त्याच्या शताब्दी वर्षात. आजही पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते. अमन लॉज ते माथेरान हा माथ्यावरचा छोटा टप्पा तेवढा चालू राहतो. मोटारींना बंदी असलेल्या त्या गावाला तोही मोठा आधार असतो.