गाडी परदेशी पाठवायची? आधी कागद दाखवा

 

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. विजेवर चालणारी मोटार परदेशी पाठवायची तर आधी काय तपासायचं? तुम्ही म्हणाल, ताई, आमचे पापड अजून कल्याणच्या बाजारात पोचवताना दमछाक होते, आणि तुम्ही मोटारी कुठे पाठवताय! पण हा प्रश्न गटातूनच आलाय. एका सदस्य ताईंचा मुलगा डोंबिवलीत राहतो. ओळखीतल्या एकानं त्याला सांगितलं, इथल्या विजेच्या गाड्या घ्यायच्या, बाहेरच्या देशात पाठवायच्या, तू भागीदार हो. भागीदारीचे दोन लाख आईनं गटातून उचलायचे असं ठरलं. अर्ज बैठकीत आला आणि सगळ्या गप्प. नाही म्हणावं तर पोराचं मन मोडतं. हो म्हणावं तर काय बघून म्हणायचं?

मैत्रिणींनो, धंदा मुलाचा असला तरी गटाचं कर्ज आईच्या नावावर असतं. हप्ते थकले तर गटाची पत जाते, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या ताईच्या शेळ्यांचं कर्ज अडतं. म्हणून हा विषय आपला आहे.

आधी एक सांगते, हा धंदा खोटा नाही. पुण्याजवळ चाकणला महिंद्राच्या विजेच्या मोटारी तयार होतात. गुजरातमध्ये हंसलपूरला मारुतीची विजेची गाडी तयार होते, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून ती पिपावाव बंदरातून युरोपात जायला लागली. आपल्या जवळ मुंबई बंदर आहे, उरणला न्हावा शेवा आहे. शिळफाट्याला कंटेनरच्या रांगेत आपली एसटी अडकते, त्यातले कितीतरी कंटेनर तिकडेच निघालेले असतात. पण मोठ्या कंपन्यांकडे नियम बघायला वेगळी माणसं असतात. दोन-चार गाड्या पाठवणाऱ्याला ते सगळं स्वतः बघावं लागतं. आणि यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गाडी इथून निघते, पण ती पास की नापास हे ठरतं तिकडच्या बंदरावर. म्हणून तपासणीची सुरुवात तिकडून करायची.

पहिली तपासणी: तो देश गाडी आत घेतो का? श्रीलंकेनं २०२० मध्ये गाड्यांची आयात बंद केली, कारण देशातलं परकीय चलन संपत चाललं होतं. खासगी मोटारींसाठी दार उघडलं ते २०२५ साली. मधल्या काळात कुणी गाडी घेऊन ठेवली असती तर ती अंगणातच उभी राहिली असती. केनियात आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी चालत नाही. नेपाळमध्ये विजेच्या गाड्यांना चांगली मागणी आहे, पण तिथला कर मोटरच्या ताकदीप्रमाणे बदलतो. मोटर जास्त ताकदीची असली तर कर वाढतो, आणि नफा तिथेच जातो. म्हणून विचारायचं, त्या देशाचा आजचा नियम आणि आजचा कर लेखी कुठे आहे? गेल्या वर्षीचा कागद चालणार नाही.

दुसरी तपासणी: गाडी तिथल्या रस्त्याला चालते का? आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाडी चालवतो, म्हणून आपलं स्टिअरिंग उजवीकडे. नेपाळ, श्रीलंका, केनिया, इंग्लंड इथेही तसंच आहे. दुबईत उलटं आहे. मग चार्जिंगचं तोंड बघा. आपल्या नव्या मोटारींना जलद चार्जिंगसाठी जी पिन असते, ती युरोपात चालते. चीनची वेगळी, जपानची वेगळी. मोबाइलची पिन जुळली नाही तर दोनशे रुपयांत दुसरी मिळते, मोटारीचं तसं नाही. आणि बॅटरीची वॉरंटी तिकडे लागू आहे का, बिघाड झाला तर दुरुस्त कोण करणार, हेही विचारा.

इथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. बंगळूरला २००१ साली रेवा नावाची छोटी विजेची गाडी निघाली. ती लंडनमध्ये जी-विझ या नावानं विकली गेली. आपण तिला मोटार म्हणत होतो, पण इंग्लंडच्या नियमात ती मोटारीत बसतच नव्हती. ती क्वाड्रिसायकल, म्हणजे हलकी चारचाकी, या वर्गात गेली. त्या वर्गाला मोटारीसारखी धडक चाचणी सक्तीची नव्हती. पुढे २००७ मध्ये तिथल्या सरकारनं चाचणी घेतली, तेव्हा सुरक्षिततेबद्दल गंभीर प्रश्न उभे राहिले. एकाच गाडीला दोन देशांत दोन वेगळे नियम लागतात, ते असे.

तिसरी तपासणी: कागद. निर्यात करणाऱ्याकडे आयईसी लागतो, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा दहा अंकी-अक्षरी क्रमांक. तो पॅन क्रमांकावरच मिळतो, सरकारी फी पाचशे रुपये. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती अद्ययावत करावी लागते, नाहीतर तो बंद पडतो. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या वेबसाइटवर क्रमांक आणि फर्मचं नाव टाकलं की तो चालू आहे की नाही ते दिसतं. बारावी झालेली कुठलीही मुलगी मोबाइलवर हे बघू शकते. जीएसटी नोंदणीही अशीच बघता येते. गाडी वापरलेली असेल तर आरसी बुक मागा. नंबर एमएच ०४ म्हणजे ठाण्याचा, एमएच ०५ म्हणजे कल्याणचा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. बोजा असलेली गाडी परस्पर विकता येत नाही, मग परदेशी पाठवायची गोष्टच सोडा. चॅसीचा नंबर कागदावर आणि गाडीवर एकच आहे का, तेही बघा.

चौथी तपासणी: बॅटरी आणि जहाज. मोठी लिथियम बॅटरी हा समुद्री वाहतुकीत धोकादायक माल धरला जातो. ती बॅटरी यूएन ३८.३ नावाची चाचणी पास झालेली असावी लागते. धडकलेली, फुगलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी जहाज कंपनी सहसा घेत नाही. आपल्याकडे २६ जुलैपासून पुराचं पाणी काय करतं ते सांगायला नको. पुरात बुडालेली गाडी स्वस्तात मिळते म्हणून कुणी घेत असेल तर तिथेच थांबवा. जुलै २०२३ मध्ये हॉलंडच्या किनाऱ्याजवळ मोटारी नेणाऱ्या एका मोठ्या जहाजाला आग लागली. त्यात एका भारतीय खलाशाचा जीव गेला. आग विजेच्या गाडीमुळेच लागली असं सिद्ध झालेलं नाही. पण अशा घटनांमुळे बॅटरीबाबत जहाजवाले जास्त काटेकोर झाले. बॅटरी किती टक्के चार्ज ठेवून गाडी द्यायची, हेही ते सांगतात. हे सगळं जहाज कंपनीकडून लेखी घ्यायचं.

पाचवी तपासणी: पैसे कधी आणि कसे येणार? "माल पोचला की देतो" हा शब्द पुरेसा नाही. तिकडच्या खरेदीदाराच्या बँकेनं पैशांची हमी दिलेला कागद असतो, त्याला एलसी म्हणतात. खरेदीदारानं पैसे बुडवले तर निर्यातदाराला विमा देणारी ईसीजीसी ही सरकारी कंपनी आहे. १९५७ पासून ती काम करते, मुख्य कचेरी मुंबईतच आहे. गाडीचा प्रवासातला विमा वेगळा असतो. तो कुणी काढायचा आणि गाडी तिकडून परत आली तर भाडं कुणी भरायचं, हे करारात लिहिलेलं हवं.

आता गटानं काय करायचं? अर्ज आला की सचिव ताईंनी पाच गोष्टी मागायच्या: भागीदारीचा लेखी करार, चालू आयईसी, गाडीची कागदपत्रं, त्या देशाचा आजचा नियम आणि खरेदीदाराच्या बँकेचा कागद. कागद आले तर ग्रामसंघात वाचून मग निर्णय घ्यायचा. कागद आले नाहीत तर अर्ज पुढच्या बैठकीत. यात कुणाच्या पोरावर अविश्वास नाही. बँक आपल्याकडून कागद मागते तेव्हा आपण रागावतो का?

आणि कुणी म्हणालं की पैसे ठेवा, दर महिन्याला ठरलेला परतावा देतो, काही बघायची गरज नाही, तर सावध व्हा. खऱ्या निर्यातीत दर महिन्याला ठरलेला नफा नसतो. ठेव घेऊन बुडवणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे. तक्रार पोलिसांकडे करता येते. मोबाइलवरून पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

उद्या तुमचा मसाला, तुमची नाचणीची बिस्किटं दुबईला जायची म्हटली तरी हेच पाच प्रश्न लागतील. तो देश घेतो का, त्याच्या नियमात बसतं का, कागद आहेत का, वाटेत माल टिकतो का, पैसे कसे येणार. येत्या बैठकीत हे पाच प्रश्न गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. लिहिता येत नसेल त्या ताईंनी पाठ करा.