ट्रॅक्टर घ्यावा की न घ्यावा?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ते अंथरूण मोजायचे कसे, हे फारसे कोणी सांगत नाही. आज आपण तेच करू या. उदाहरण घेऊ ट्रॅक्टरचे. कारण घर आणि लग्नकार्य सोडले, तर शेतकऱ्याच्या हातून एवढा मोठा खर्च सहसा होत नाही. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. मी सांगतो ते आकडे नमुन्याचे आहेत. त्यांच्या जागी आपापल्या गावचे आकडे घाला.

समजा, आपली सहा एकर जमीन आहे. ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर मिळून 8,50,000 रुपये लागतात. त्यातले अडीच लाख घरचे आणि सहा लाख कर्जाचे. मुदत पाच वर्षांची, व्याज दर साल दर शेकडा 12, हप्ता सहामाही. म्हणजे एक हप्ता सुमारे 81,500 रुपयांचा झाला आणि वर्षाचे झाले 1,63,000. पाच वर्षांत सहा लाखांवर दोन लाख पंधरा हजार व्याजच जाते. दुकानदार हप्ता सांगतो. ही बेरीज मात्र आपली आपणच करायची असते.

एवढ्याने भागत नाही. विमा, तेल-फिल्टर, टायर, दुरुस्ती यांना वर्षाचे 40,000 तरी बाजूला ठेवले पाहिजेत. एकूण झाले 2,03,000 रुपये.

आता जमेची बाजू पाहू. आज आपण नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी, वाहतूक भाड्याने करून घेतो. एकरी सात हजार धरले, तर सहा एकरांचे 42,000 होतात. ट्रॅक्टर घरचा झाला म्हणून हे सगळे वाचत नाहीत, डिझेल लागतेच. त्याचे सोळा हजार वजा केले की खरी बचत राहते 26,000. म्हणजे उरलेले 1,77,000 रुपये दुसऱ्याच्या शेतात ट्रॅक्टर चालवूनच मिळवावे लागणार.

तासाला भाडे 900 रुपये मिळते असे धरा. डिझेलचे 400 आणि चालकाच्या मजुरीसह किरकोळ खर्चाचे 100 गेले, की हाती राहतात 400. एक लाख सत्याहत्तर हजाराला चारशेने भागा. सुमारे 440 तास येतात. रोज आठ तास धरले तर पंचावन्न दिवस.

ऐकायला हे सोपे वाटते. पण गावात आधीच ट्रॅक्टर किती आहेत? हंगामाचे दिवस किती? आणि भाडे रोख मिळते की सुगीवर? उधारीचे पोते सवा हात रिते, असे म्हणतात ते उगाच नव्हे. बँकेचा हप्ता मात्र उधारीवर चालत नाही.

मंडळी, खरा प्रश्न याच्याही पुढे आहे. हा हिशेब चांगल्या वर्षाचा झाला. अंथरूण मोजायचे ते वाईट वर्षी. 1972 चा दुष्काळ जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. 2015 आणि 2018 ही वर्षे तर आपण स्वतः पाहिली. पाऊस नाही तर पेरणी नाही, आणि पेरणी नाही तर भाडेही नाही. अशा वर्षी 440 तासांचे 220 झाले, तर 89,000 रुपयांचा खड्डा पडतो. तो कशाने भरणार? घरचे पीकही त्याच वर्षी गेलेले असते. ट्रॅक्टर वर्षागणिक जुना होतो, त्याची किंमत उतरते. पण सातबाऱ्यावर चढलेला बोजा कर्ज फिटल्याशिवाय उतरत नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहिता आले, तरच सही करा. अनुदान मिळणार असेल तर उत्तमच, पण ते खात्यात जमा होईपर्यंत हिशेबात धरू नका.

तरीही मन घेत नसेल, तर एक सोपी परीक्षा सांगतो. न घेतलेल्या ट्रॅक्टरचा हप्ता एक वर्ष भरून पाहा. दर सहा महिन्यांनी तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका. जमले, तर वर्षअखेर 1,63,000 रुपये हाताशी येतील आणि कर्ज तेवढे कमी घ्यावे लागेल. नाही जमले, तर काही न गमावता शहाणपण मिळाले. मग दोघा-तिघा भावकीत मिळून घ्यावा, चांगला जुना पाहावा, किंवा भाड्यानेच काम करून घ्यावे. त्यात कमीपणा कसला?

शिक्षक मित्रांना एक विनंती. आठवीच्या वर्गात चक्रवाढ व्याज शिकवताना हेच गणित आपल्या गावच्या दराने फळ्यावर मांडा. मुले ते घरी नेतील. रात्री जेवताना एखाद्या मुलीने विचारले, "बाबा, पाऊस नाही झाला तर हप्ता कुठून भरायचा?" आणि त्या घरातली सही आठ दिवस लांबली, तरी तो तास सार्थकी लागला असे समजा.