चालकावांचून गाडी आणि दोषाचा धनी

उसाच्या हंगामांत रात्रीं उशिरां कोल्हापूरच्या आसपासच्या रस्त्यांनीं आपण गेलां असाल, तर एक दृश्य आपल्या परिचयाचें असेल. उसानें भरलेली बैलगाडी कारखान्याच्या दिशेनें चालली आहे, गाडीवान मोळ्यांवर आडवा होऊन गाढ झोंपला आहे, आणि बैल संवयीचा रस्ता बिनचूक तोडीत आहेत. चालकावांचून चालणारें वाहन ही कल्पना आपण समजतों तितकी नवी नाहीं. त्या गाडीनें कोणाला धक्का दिला, तर गाडीवानाला खालीं ओढून जाब विचारतां येतो. तो झोंपला होता हाच त्याचा अपराध ठरतो. बैलांना कोणी बोल लावीत नाहीं. परंतु गाडीवान मुळींच नसला तर?

यंत्रानें स्वतःच हांकलेली मोटार आतां कादंबरींतली राहिलेली नाहीं. अमेरिकेंत फीनिक्स, सॅन फ्रान्सिस्को या शहरांत चालकाची जागा रिकामी असलेल्या मोटारी भाड्यानें उतारू घेऊन फिरत आहेत. चीनमध्येंहि तोच प्रकार सुरू झाला आहे. आपले केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीं डिसेंबर २०२३ मध्यें नागपुरांत बोलतांना, अशा मोटारींना देशांत येऊं देणार नाहीं, असें सांगितलें. त्यांचें कारण चालकांच्या रोजगाराचें होतें, आणि तें हलकें नाहीं. पण अर्धा पाहुणा घरांत आलाच आहे. धोका दिसतांच आपण होऊन ब्रेक लावणाऱ्या, रस्त्यावरील पट्टा न सोडणाऱ्या मोटारी आपल्याकडे आज विकत मिळतात. तेव्हां अपघातानंतर दोष कोणाच्या पदरीं घालावयाचा, याचा विचार उरलेला अर्धा पाहुणा येण्यापूर्वींच केलेला बरा.

दोष देण्याची आपली आजची रीत कशी आहे? १ ऑक्टोबर २०१७ रोजीं पापाची तिकटी येथें ताबुतांच्या मिरवणुकींत केएमटीची बस शिरली, दोघांचे प्राण गेले, कित्येक जखमी झाले, हें आपणांपैकीं पुष्कळांना आठवत असेल. ब्रेक निकामी झाल्याचें त्या वेळीं सांगण्यांत आलें. संतापलेल्या जमावानें बसची मोडतोड केली. त्या संतापाला मी नांवें ठेवीत नाहीं; डोळ्यांदेखत माणसें चिरडलीं जात असतां कायद्याचें कलम कोणाला सुचणार? त्या एका घटनेचा निवाडा करण्याचाहि माझा अधिकार नाहीं. एवढेंच म्हणावयाचें आहे, कीं 'ब्रेक निकामी झाला' असें एकदां उच्चारलें म्हणजे चालकाच्या पाठीमागें एक लांबलचक रांग उभी राहते. ब्रेक तपासणारा कारागीर, सुटे भाग पुरविणारा व्यापारी, गाडी रस्त्यावर सोडण्यास संमति देणारा अधिकारी, असे सारे त्या रांगेंत असतात. जमावाला ही रांग दिसत नाहीं. त्याला स्टेअरिंगपुढें बसलेला इसम तेवढा दिसतो.

सरकारी कागदांतहि तोच दिसतो. केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या रस्ते-अपघातांच्या अहवालांत शेंकडा ८४ अपघातांचें कारण 'चालकाचा दोष' असें नोंदलेलें आहे. आंकडा खोटा आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु तो पोलीस ठाण्यांतल्या नोंदींवरून बनतो, आणि पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारापुढें खड्डा, अंधारें वळण, पाठीमागें दिवा नसलेली उसाची ट्रॉली हीं जबाब द्यावयास उभीं राहत नाहींत. चालक राहतो, तोहि जिवंत असला तर. चालक हा किती सोयीचा माणूस आहे, तें १९ मे २०२४ च्या पुण्यांतील कल्याणीनगरच्या अपघातानंतर आपण वर्तमानपत्रांत वाचलेंच. दोन तरुण अभियंते त्यांत मृत्यु पावले, आणि घरच्या पगारी चालकानें गुन्हा स्वतःवर घ्यावा म्हणून त्याच्यावर दडपण आणलें, असा आरोप पोलिसांनीं ठेवला.

आतां कोणी म्हणेल, यांत्रिक मोटारींत चालकच नाहीं, तेव्हां अशा माणसाचा बळी जाण्याचा प्रश्न मिटला. मला तसें वाटत नाहीं. १८ मार्च २०१८ च्या रात्रीं अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत, टेंपी गांवीं, उबर कंपनीच्या अशाच एका मोटारीनें रस्ता ओलांडणाऱ्या स्त्रीस ठार केलें. मोटार प्रयोगावर होती, म्हणून देखरेखीसाठीं एक पगारी बाई आंत बसविलेली होती, आणि तिची नजर रस्त्यावर नसून फोनवर होती. दोष उघड दिसतो. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक-सुरक्षा मंडळानें चौकशी केली, तेव्हां निराळीच हकीकत बाहेर आली. धडकेच्या ५.६ सेकंद आधींच यंत्राला समोर कांहीं तरी आहे हें दिसलें होतें. ती स्त्री सायकल हातानें ढकलीत चालली होती. यंत्रानें तिला कधीं मोटार समजावें, कधीं अन्य वस्तु, कधीं सायकल. आणि प्रत्येक वेळीं नवा तर्क केला, कीं पूर्वीचा हिशेब पुसून जाई. पादचारी मनुष्य ठरवून दिलेली जागा सोडून भलतीकडे रस्ता ओलांडतो, हें त्या यंत्राला कोणी शिकविलेंच नव्हतें! महाद्वार रस्त्यावर एक फेरी मारणाऱ्या पोरालाहि जें ठाऊक असतें, तें लाखों डॉलरांच्या यंत्राला ठाऊक नव्हतें. शिवाय मूळ कारखान्यानें मोटारींत बसविलेली आपोआप ब्रेक लावण्याची सोय प्रयोगाच्या वेळीं बंद केलेली होती.

पुढें काय झालें? कंपनीवर फौजदारी खटल्यास आधार नाहीं, असें २०१९ मध्यें सरकारी वकिलांनीं जाहीर केलें. देखरेख करणाऱ्या बाईवर २०२० मध्यें आरोप ठेवण्यांत आला; २०२३ मध्यें तिनें कमी गंभीर गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची देखरेखीखालील परिवीक्षा मिळाली. ती निर्दोष होती असें नव्हे. पण न शिकविणारे आणि ब्रेकची सोय बंद करणारे फौजदारी न्यायासनापुढें आलेच नाहींत. आपल्याकडे अशा मोटारी आल्या, तर त्या रिकाम्या जागेवर कोणी तरी आठ-दहा हजारांचा माणूस 'देखरेखीस' म्हणून बसविला जाईल आणि अपघाताच्या दिवशीं त्याचेंच नांव कागदावर चढेल, अशी मला भीति वाटते.

लोकांच्या विश्वासाची गोष्ट आणखी निराळी आहे. २ ऑक्टोबर २०२३ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोंत एका मनुष्यानें चालविलेल्या मोटारीनें एका स्त्रीला उडविलें आणि तो पळून गेला. ती शेजारून जाणाऱ्या क्रूझ कंपनीच्या चालकविरहित मोटारीपुढें फेंकली गेली. ती मोटार तिला धडकून थांबली. परंतु नंतर बाजूला जाऊन उभें राहण्याच्या नियमानें तिनें, खालीं स्त्री असतांनाच, सुमारें वीस फूट सरक घेतली. स्त्री वांचली. मूळ अपराध पळून गेलेल्या माणसाचा होता, आणि कंपनीला एवढ्यावर लोकांनीं कदाचित् क्षमाहि केली असती. पण हें फरफटणें कंपनीनें अधिकाऱ्यांपुढें नीट उघड केलें नाहीं. त्याच महिन्याच्या २४ तारखेस कॅलिफोर्नियाच्या मोटार-खात्यानें तिचा परवाना स्थगित केला. खोटा अहवाल सादर केल्याचें तिनें पुढें कबूल केलें, आणि डिसेंबर २०२४ मध्यें जनरल मोटर्सनें तो भाड्याच्या मोटारींचा उद्योगच गुंडाळला. यंत्र चुकलें त्याचें लोकांना इतकें वाटलें नसतें. त्याच्या मालकानें तोंड लपविलें, हें त्यांना खपलें नाहीं.

ब्रिटननें २०२४ च्या कायद्यानें यावर एक तोड काढली आहे. मोटार स्वतः चालत असतां तिच्या चालण्यांतील चुकीबद्दल आंत बसलेला मनुष्य गुन्हेगार नाहीं. ज्या संस्थेनें ती स्वयंचलित म्हणून मंजूर करून घेतली, तिनें उत्तर द्यावें. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणें दोष कोणाचा हें न पाहतां मृताच्या वारसांस ५ लाख व गंभीर जखमीस अडीच लाख रुपये मालकानें किंवा विमा कंपनीनें द्यावयाचे आहेत. पोटापाण्याची सोय म्हणून हें ठीक आहे. पण आपलें माणूस कां गेलें, हा घरच्यांचा प्रश्न त्यानें सुटत नाहीं.

आगगाडीचा मोठा अपघात झाला, तर आपल्या देशांत रेल्वे-सुरक्षा आयुक्त चौकशी करतात, आणि ते रेल्वे खात्याच्या ताब्यांत नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारींत असतात. रेल्वेची चौकशी रेल्वेनेंच करूं नये, एवढें शहाणपण त्या व्यवस्थेंत आहे. दिल्लींत २८ डिसेंबर २०२० पासून चालकावांचून मेट्रो धांवते आणि लोक तींत निश्चिंतपणें बसतात, याचें एक कारण तिचा मार्ग कुंपणांतला आहे हें खरें. पण उतारू घेण्यापूर्वीं तिला त्रयस्थ सुरक्षा आयुक्ताची संमति लागते, हेंहि एक आहे. रस्त्यावरील अपघाताला मात्र ठाण्याचा पंचनामा. हवालदार टेप धरून चाकांच्या खुणा मोजतो, दोन पंच सह्या करतात. उद्यां सायबर चौकांत किंवा शिरोलीच्या नाक्यावर अशी मोटार कोणाला धडकली, तर त्या ५.६ सेकंदांत यंत्रानें काय पाहिलें आणि काय समजलें, याची नोंद कंपनीच्या ताब्यांत असेल, आणि ती मागण्याचा हक्क त्या पंचांना कोणत्या कायद्यानें मिळेल, हें अद्याप कोणीं लिहून ठेवलेलें नाहीं.