जाम झालेला ब्रेकचा ड्रम

ठाण्याच्या नौपाड्यात जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. इमारत रिकामी करायची वेळ आली, की आवाराच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली एखादी प्रीमियर पद्मिनीही हलवावी लागते. चार माणसे रेटा देतात, पण गाडी जागची हलत नाही. इंजिन चालणार नाही हे सर्वांना ठाऊक असते. पण निदान चाक तरी फिरावे! ते का फिरत नाही, हे पाहायला ब्रेकच्या ड्रमपाशी जावे लागते. आपल्या दारात पद्मिनी नसेल, जुनी जीप किंवा रिक्षा असेल. गोष्ट तीच आहे.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे बिडाचे उथळ पातेलेच म्हणा ना. त्याच्या आत धनुष्यासारखे वाकलेले दोन शू असतात आणि त्यांवर लायनर बसवलेले असतात. ब्रेक दाबला की शू फाकतात आणि पातेल्याला आतून घासतात. आता ठाण्याचा पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, जवळच खाडी, हवा दमट. हँडब्रेक ओढून गाडी चार पावसाळे उभी राहिली, तर लायनर गंजाने ड्रमला चिकटून बसतो. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या निदान दुप्पट जागा व्यापतो. त्यामुळे ड्रम जेथे हबवर घट्ट बसलेला असतो, तेथे जणू पाचरच ठोकली जाते.

अशा वेळी पहिला हात जातो तो हातोड्याकडे. थांबा जरा! बीड ठिसूळ असते. कडेवर जोराचा घाव बसला तर ड्रम तडकतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. ती बनणे बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आणि मुंबईतली तिची शेवटची टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. फुटलेल्या ड्रमला जोड शोधणे सोपे नाही.

म्हणून आधी ड्रम कुठे अडला आहे ते ओळखावे. सपाट जमिनीवर बाकीच्या चाकांना दगड लावा. गाडी जॅकने उचला, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर ठेवू नका. खाली भक्कम घोडी द्या. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा, चाक काढा आणि ड्रम हाताने फिरवून पाहा. मुळीच फिरत नसेल, तर शूने पकडले आहे. फिरतो पण बाहेर येत नसेल, तर हबवरचा गंज. आणि थोडासा बाहेर येऊन अडत असेल, तर झिजलेल्या ड्रमच्या काठाशी उरलेल्या कंगोऱ्यात शू अडकले आहेत.

शूचा दोष असेल तर हँडब्रेकची तार सैल करावी, ब्रेक जुळवण्याचा स्क्रू उलटा फिरवून शू मागे घ्यावेत आणि मग ड्रमवर चौफेर हलके ठोके द्यावेत. कंगोऱ्यालाही शू मागे घेणे हाच उपाय. हबवर गंज असेल तर सांधा तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारे तेल थेंबाथेंबाने सोडावे, लायनरवर जाऊ देऊ नये, आणि रात्रभर वाट पाहावी. सकाळी ड्रमच्या सपाट तोंडावर लाकडाचा ठोकळा धरून, ठोकळ्यावर हातोडा मारावा. पुष्कळ ड्रमना आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे पिळले, की ड्रम आपणहून बाहेर ढकलला जातो. ही भोके गंजाने बुजलेली असतात, म्हणून ती कित्येकांना दिसतच नाहीत.

तरीही न निघाला तर उष्णता. शिक्षक बंधुभगिनींनी हे वर्गात जरूर सांगावे: तापवल्यावर भोक लहान होत नाही, मोठे होते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात ती याचसाठी. ६० मिलिमीटरचे भोक १०० अंशांनी तापले, तर केसाच्या जाडीइतके रुंदावते, तेवढे पुरते. मात्र आत रबर आणि ब्रेकचे तेल असते, तेव्हा हे काम अनुभवी मिस्त्रीकडेच द्यावे.

ड्रम निघाला की आतली काळी भुकटी फुंकू नका, हवेच्या नळीने उडवू तर नकाच. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि आजार दिसतो तो कित्येक वर्षांनी. गॅरेजमधली पोरे ही भुकटी रोज उडवतात, हे पाहून मला ड्रमपेक्षा त्यांचीच काळजी वाटते. साबणाच्या पाण्याने ती ओली करा, फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाकून द्या.

ड्रम परत बसवण्यापूर्वी हबवरचा गंज घासून काढा आणि तेथे ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. पुढे पावसाळाभर गाडी उभी ठेवायची झाली, तर हँडब्रेक ओढू नका; गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना पुढून-मागून दगड लावा.