विषय कोणी निवडावा?

सुरतेच्या लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत सकाळी शाळेची घंटा होते, त्या सुमारास यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून परतणारे बाप आणि दप्तर घेऊन निघालेली मुले एकाच रस्त्यावर परस्परांना ओलांडून जातात. यांतील कितीतरी कुटुंबे खानदेशातून तापीच्या काठाकाठाने येथे येऊन स्थिरावलेली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानावर गुजराती, कारखान्यात हिंदी, अशा चार भाषा चौदा वर्षांच्या मुलाच्या जिभेवर सहज वावरत असतात. कोणाशी कोणत्या भाषेत बोलावयाचे ही निवड तो दिवसातून अनेकवार करतो आणि क्वचितच चुकतो. हाच मुलगा वर्गात येऊन बसला म्हणजे मात्र काय वाचावे, कशावर लिहावे, कोणते उदाहरण आधी सोडवावे, यांपैकी एकाही बाबतीत त्याला विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

मग दहावी उजाडते आणि त्याच्यापुढे एकदम अर्ज येऊन पडतो. विज्ञान प्रवाह की सामान्य प्रवाह? विज्ञान घेतले तर गणिताचा ‘अ’ गट की जीवशास्त्राचा ‘ब’ गट? गुजरातेत २०२२ च्या परीक्षेपासून दहावीच्या गणितातही ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ असे दोन पर्याय आले आहेत. गणितामुळे ज्यांची सारी दहावीच बुडत असे, त्यांना हा मोठा आधार होय. परंतु पर्याय समजून घेणे वेगळे आणि भीतीपोटी पत्करणे वेगळे. ज्या मुलाला आजवर ताटातल्या भाजीविषयीसुद्धा कोणी मत विचारले नाही, त्याने एका दुपारी आपल्या आयुष्याची दिशा ठरवावी, अशी ही अपेक्षा आहे. साहजिकच तो शेजारच्या बाकावरचा मित्र काय घेतो ते पाहतो.

मुलाला निवडू द्यावे हा विचार काही परदेशातून काल आलेला नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. तेथे लहान मूल आपल्याला हवे ते साधन उचलून हवा तेवढा वेळ त्यात रमत असे. आपल्या ताराबाई मोडक तेथेच त्यांच्याबरोबर काम करून पुढे बोर्डी आणि कोसबाडला ते व्रत घेऊन गेल्या. चार वर्षांच्या बालकावर जो विश्वास टाकला गेला, तो चौदा वर्षांच्या कुमारावर टाकताना मात्र आपला हात आखडतो, हे नवल नव्हे काय?

माध्यमिक शाळेत प्रयत्न झालाच नाही असे मात्र नाही. १९५२ साली नेमलेल्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली आणि विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला, गृहविज्ञान, मानव्यविद्या असे सात विषयगट सुचविले. कल्पना उदात्त होती. परंतु कर्मशाळा हव्यात, ते विषय शिकविणारे शिक्षक हवेत, आणि नेमके तेच अनेक ठिकाणी नव्हते. शिवाय तेरा-चौदाव्या वर्षी एका गटात शिरलेल्या मुलाला मागे फिरणे कठीण. म्हणून १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने पहिली दहा वर्षे सर्वांना समान सामान्य शिक्षण द्यावे असे म्हटले. ते म्हणणे बरोबरच होते. दुर्दैव एवढेच की समान विषय म्हणजे समान रीत, समान गती आणि समान उत्तर, असा त्याचा अर्थ शाळांनी करून घेतला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला व विज्ञान यांच्यामधील भिंती पाडण्याचे ठरविले. पण शाळेत भिंत उभी असते ती वेळापत्रकाची, आणि ती धोरणाने पडत नाही.

तेव्हा विषय तेच ठेवूनही निवड देता येईल काय? नववीच्या वर्गात तापी नदी शिकवावयाची आहे असे समजा. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली होती. कोणी आपल्या गल्लीत त्या पुराच्या खुणा शोधून उंची मोजावी. कोणी आजीला विचारून तिची हकिगत जशीच्या तशी अहिराणीत उतरून घ्यावी. कोणी नकाशावर उकाईपासून शहरापर्यंतचे अंतर काढून पाण्याच्या वेगाचे गणित करावे. पाठ एकच, परीक्षाही एकच. वाट मात्र ज्याची त्याने धरावी. अमेरिकेत हेलन पार्कहर्स्टबाईंनी १९२० च्या सुमारास डाल्टन येथे अशीच योजना आखली होती. ठराविक मुदतीचे काम प्रत्येकाने पुरे करावयाचे, पण त्याचा क्रम आणि वेळ स्वतः ठरवावयाचा. ती स्वैराचाराची शाळा नव्हती. उलट दिलेला शब्द पाळणे हाच तिचा कणा होता.

साठ मुलांच्या वर्गात हे जमावयाचे कसे, असे शिक्षक विचारतील, आणि त्यांचे विचारणे खोटे नाही. साठ निरनिराळ्या वह्या तपासणे म्हणजे घरी निजावयाची वेळ दवडणे. म्हणून आरंभ तीन पर्यायांपासून आणि महिन्यातून एका पाठापासून करावा. तेवढ्याने अभ्यासक्रम मागे पडत नाही. पालकांची शंका याहून खोल असते. मुलाने चुकीचे निवडले तर? चुकेलच. पुराची उंची मोजायला गेलेल्याला खूणच सापडणार नाही, मग तो पुढच्या वेळी आधी चौकशी करील. या चुकीची किंमत एक संध्याकाळ. दहावीनंतरच्या चुकीची किंमत दोन वर्षे आणि बापाने उसने काढलेली फी.

हिरे घासणाऱ्या याच शहरात कच्चा खडा हाती आला म्हणजे कारागीर तो चाकावर धरण्यापूर्वी सर्व बाजूंनी न्याहाळतो. निकालानंतरच्या आठवड्यात शाळेच्या कचेरीसमोर रांग लागते, तेव्हा तेवढीही सवड कोणाला नसते. अर्जावर प्रवाहाचा रकाना कोरा असतो. बाप बारा तासांच्या पाळीवरून तसाच आलेला असतो, तो मुलाकडे पाहतो, मुलगा कारकुनाकडे पाहतो, आणि कारकून विचारतो, “काय लिहू?”