पूजेचे फूल आपल्या अंगणातले



आज आम्ही फुलांविषयी चार शब्द बोलणार आहोत. विषय लहान वाटेल, पण आहे मोठा. आपण वंदनेत पुष्पपूजा म्हणतो, तिचा अर्थ काय? हे फूल जसे कोमेजते, तसे हे शरीरही नाशाकडे जाते. मग मूर्तीपुढे प्लास्टिकचा हार घालून ती गाथा कशी म्हणायची? तो कोमेजतच नाही! त्याच्यावर फक्त धूळ बसते आणि शेवटी तो गटारात जातो.

नालासोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना करंडकात सोन्याची फुले सापडली. सोन्याचे फूल आपल्याला परवडणार नाही, पण स्वतः पाणी घालून वाढविलेले फूल वाहायला कोण अडवतं?

झेंडू, निशिगंध मूळचे मेक्सिकोचे. ती फुले वाईट नव्हेत, पण आपण ती बाजारातून विकत आणतो. इथली झाडे मात्र भिवंडीच्या पावसाला नि उन्हाला सरावलेली. पहिले दोन उन्हाळे पाणी घातले की पुढे फार लाड मागत नाहीत. बहाव्याच्या पानांवर तर फुलपाखरांच्या अळ्याही वाढतात.

आता वर्षाचा हिशेब पाहा. भीमजयंतीपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत बहावा, मोगरा आणि आपल्या राज्याचे फूल ताम्हण. वर्षावासात तगर नि सोनचाफा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास पारिजातक. ६ डिसेंबरला पिवळी कोरांटी. म्हणजे प्रत्येक सणाला आपल्या मातीतले फूल आहेच!

आरास करतानाही झाडाकडे बघावे. बहाव्याचे घोस झाडावर लोंबतात, म्हणून ते वरून लोंबतेच बांधावेत. पारिजातक पहाटे गळतो. झाडाखाली स्वच्छ कापड पसरून ठेवावे आणि फुले सकाळच्या वंदनेलाच वाहावीत, दुपारपर्यंत ती मलूल होतात. तगरीची फुले पितळी परातीत पाण्यावर सोडली की छान दिसतात. हार ओवायला केळीच्या सोपाचा दोरा घ्यावा. रंग दोनच पुरेत, आणि तथागतांचा चेहरा झाकता कामा नये. दुसऱ्या दिवशी ही फुले झाडाच्याच बुंध्याशी घालावीत. त्याचेच खत होते. अनित्यता मुलांना समजावून सांगायला यापेक्षा सोपा धडा कोणता?

म्हणून आमची विनंती अशी की, पहिला पाऊस पडला की विहाराच्या कुंपणाकडेला एक बहावा नि एक सोनचाफा लावू या. ज्यांना अंगण नाही, त्यांनी गॅलरीत तेलाच्या जुन्या डब्यात तगर, मोगरा किंवा कोरांटी लावावी. डब्याला खाली भोके पाडायला विसरू नका! पाणी घालायचे काम घरातल्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावे. आपण लावलेल्या झाडाचे फूल हातात घेऊन ते लेकरू वंदनेला येईल, तेव्हा त्याला गाथेचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.