चार वाजताचा चहा

निवृत्तीनगरचा विघ्नहर, पारगावचा भीमाशंकर, असे साखर कारखाने उशाशी असलेल्या जुन्नर-आंबेगावात साखर सोडणं सोपं नाही. सोडलेली सवय परतते ती बहुधा दुपारी चारला, रिकाम्या पोटी, टपरीवर. चहा बिनसाखरेचा, पण सोबत क्रीमची बिस्किटं! गूळ चालतो, ही आपली लाडकी पळवाट, पण गूळही साखरच. बिस्किटांच्या पुड्यावर ‘इन्व्हर्ट सिरप’ दिसलं तर तेही साखरच समजा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला वरची साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवा. म्हणजे जेमतेम सहा चमचे. तेव्हा चारची भूक टाळायला, नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो घेऊन निघताना भाकरी-उसळ पोटभर खा, खिशात फुटाणे-शेंगदाणे ठेवा. मधुमेहाचं औषध चालू असेल, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.